चट्टा, संशय आणि शास्त्र

कोल्हापूरच्या एखाद्या जुन्या तालमीत आखाड्याची माती तयार करताना आपण कधी पाहिली आहे का? नुसती तांबडी माती आणून ओतली की आखाडा होत नाही. तीत ताक ओततात, तेल घालतात, लिंबू पिळतात, हळद आणि कापूर मिसळतात आणि मग ती माती खालीवर करून मऊ करतात. वस्तादांना कारण विचारले तर उत्तर एका वाक्यात मिळते : पोरांच्या अंगाला खाज-खरूज येत नाही. राजर्षी शाहू महाराजांचे खासबाग मैदान १९१२ साली सुरू झाले, तेव्हा 'बुरशी' हे नायट्याचे कारण तालमीत कुणाला ठाऊक नव्हते. पण एकाच्या अंगावरचा नायटा अंगाला अंग घासले की दुसऱ्याच्या अंगावर उमटतो, हे मात्र सगळ्यांना ठाऊक होते. त्या हळदीने बुरशी किती मरत असेल, हा प्रश्न बाजूला ठेवू. रोगाचा संबंध पापाशी न जोडता स्पर्शाशी आणि मातीशी जोडला होता, ही गोष्ट महत्त्वाची.

कारण आपल्या समाजात त्वचेच्या रोगाला इतका सरळ न्याय क्वचितच मिळाला. पोटात दुखले तर माणूस आजारी पडतो. अंगावर चट्टा उठला तर तो संशयित होतो. आज मला त्या संशयाची गोष्ट सांगायची आहे.

तिची सुरुवात माझ्या घरातूनच करतो. करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी माझी एक आत्ती होती. एकोणिसाव्या वर्षी तिच्या उजव्या मनगटावर रुपयाएवढा पांढरा डाग उठला. पुढे तो कोपरापर्यंत चढला, ओठांच्या कडेला आला. ठरलेले लग्न मोडले. ज्यांनी मोडले ते वाईट लोक नव्हते. त्यांना कुणीतरी सांगितले होते की हे 'श्वेतकुष्ठ' आहे. त्यातला 'श्वेत' कुणी ऐकला नाही, 'कुष्ठ' तेवढा सगळ्यांनी ऐकला. आत्ती साठ वर्षे माहेरी राहिली. शेणगोठा केला, आम्हा भावंडांना वाढवले, आणि शेवटपर्यंत स्वतःचा तांब्या खुंटीजवळच्या कोनाड्यात वेगळा ठेवला. मी लहानपणी एकदा विचारले, "आत्ती, तुझा तांब्या येगळा का गं?" ती म्हणाली, "असू दे बाळा. तुमच्या अंगावर नको यायला." पुढे इतिहास शिकवू लागलो, जुने ग्रंथ चाळू लागलो, तेव्हा कळले की तिच्या अंगावर जे होते ते कुणाच्याही अंगावर जाणारे नव्हतेच.

हा घोटाळा एका शब्दाचा आहे आणि तो शब्द फार जुना आहे. चरकसंहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत : सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्या अकरांमध्ये दद्रू आहे, म्हणजे आपले गजकर्ण किंवा नायटा. पामा आहे, म्हणजे खरजेसारखा खाजरा रोग. विचर्चिका आहे, जिला आपण इसबाच्या जवळ नेऊ. विपादिका आहे, म्हणजे हातापायांच्या भेगा. प्राचीन वैद्यांच्या दृष्टीने 'कुष्ठ' हे एका रोगाचे नाव नव्हते. त्वचा बिघडवणाऱ्या रोगांच्या सगळ्या कुळाचे ते आडनाव होते. श्वित्र म्हणजे कोड, त्याची चर्चा चरकाने वेगळी केली. सुश्रुताने तर कुष्ठ हे सहवासातून, स्पर्शातून पसरणाऱ्या रोगांत मोजले. निरीक्षण बारीक होते. पण पुढच्या काळात आडनावच शिल्लक राहिले आणि कुळातली माणसे एकमेकांत मिसळून गेली. बोटे झडणारा महारोग, ज्याला खेड्यात रक्तपिती म्हणत, त्याची दहशत कोडाच्या निरुपद्रवी डागालाही चिकटली.

युरोपातही परिस्थिती फारशी निराळी नव्हती. खरूज रक्त बिघडल्याने होते, असेच तिथले विद्वान शतकानुशतके मानत. १६८७ साली इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी खरजेच्या फोडातून सुईच्या टोकावर एक जीव काढला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि त्याचे चित्र काढले. तो आठ पायांचा किडा होता. तरीही वैद्यक जगताने ते मानायला जवळजवळ दीडशे वर्षे घेतली. १८३४ साली पॅरिसमध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने भरसभेत रुग्णाच्या हातातून तो किडा काढून दाखवला, तेव्हा वाद मिटला. त्याच्या गावच्या बायका हे काम सुईने सहज करीत, म्हणून तो शिकला होता. पाच-सात वर्षांनी शोनलाइन आणि ग्रुबी यांनी डोक्यातल्या चाईसारख्या रोगामागे बुरशी असल्याचे दाखवले. खरजेला किडा आणि नायट्याला बुरशी असे कारण सापडले. महारोगाचे कारण मात्र अजून अंधारात होते.

इथून ही गोष्ट मुंबईत येते. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली सुरू झाले आणि १८५१ साली तिथून बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. प्राचीन लेख वाचणारे संशोधक म्हणून आपण त्यांना ओळखतो. भायखळ्याच्या संग्रहालयाला त्यांचे नाव आहे. पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग महारोगावर औषध शोधण्यात गेला. सह्याद्रीच्या जंगलात कडू कवठ नावाचे झाड होते. त्याच्या बियांचे तेल देशी वैद्यकात चामडीच्या रोगांवर वापरत. त्याच जातीच्या तेलावर भाऊ दाजींनी भर दिला, रुग्ण तपासले, त्यांच्या नोंदी ठेवल्या. औषध पुरते सिद्ध होईपर्यंत त्यांनी ते उघड केले नाही आणि त्यावरून त्यांच्यावर टीकाही झाली. ते तेल महारोग मुळापासून बरा करणारे नव्हते, हे आज आपण जाणतो. पण त्याच कुळातले चालमुग्रा तेल पुढे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभर महारोगावरचे मुख्य औषध राहिले, हेही विसरू नये.

त्याच कॉलेजात हेन्री व्हॅन्डाइक कार्टर नावाचा इंग्रज डॉक्टर शिकवत होता. वैद्यकाचे विद्यार्थी 'ग्रेज ॲनाटॉमी' या ग्रंथाची शपथ घेतात. १८५८ च्या त्या पहिल्या आवृत्तीतील चित्रे याच कार्टरच्या हातची. ग्रंथाचे श्रेय ग्रेला मिळाले आणि चित्रकार मुंबईला नोकरीला आला. अनवाणी शेतकऱ्यांच्या पायात काटा मोडतो, पाय सुजतो, त्याला भोके पडून त्यातून काळे-पांढरे दाणे बाहेर येतात. 'मदुरा फूट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या रोगामागे बुरशी आहे, हे कार्टरने ओळखले आणि त्याला 'मायसेटोमा' हे नाव दिले. पुढे काही वर्षे तो आपल्या शेजारी, साताऱ्याला, सिव्हिल सर्जन होता. महारोगात त्वचेतल्या मज्जातंतूंवर काय परिणाम होतो, याचा त्याने बारकाईने अभ्यास केला. बधिरपणा हे या रोगाचे दुय्यम लक्षण नसून त्याचा गाभा आहे, हे अशा अभ्यासांतून पुढे आले.

त्या वेळी लंडनचे रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स काय म्हणत होते? १८६७ च्या त्यांच्या अहवालात महारोग आनुवंशिक आहे, संसर्गजन्य नाही, असा निर्वाळा होता. म्हणजे आईबापांकडून आलेला कलंक. औषधाची आशा कशाला? १८७३ साली कार्टर नॉर्वेला गेला. त्याच वर्षी तिथल्या बर्गेन शहरात गेरहार्ड आर्मौर हॅन्सेन या डॉक्टराने महारोग्याच्या गाठीतून काढलेल्या द्रवात काडीसारखे सूक्ष्म जंतू पाहिले होते. माणसाला रोग देणारा जिवाणू म्हणून अगदी सुरुवातीला ओळखले गेलेल्या जंतूंपैकी हा एक. कार्टर हे ज्ञान घेऊन परतला. १८७४ साली त्याचा महारोगावरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी भाऊ दाजी वारले.

कारण सापडले की भीती कमी होते, असे आपल्याला वाटते. इथे उलटे झाले. रोग जंतूमुळे होतो म्हटल्यावर रोग्यालाच कोंडा, असा विचार बळावला. १८९० साली मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकाराने माटुंगा-वडाळ्याच्या बाजूला बेघर महारोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. तेच आजचे ॲकवर्थ रुग्णालय. रस्त्यावर मरणाऱ्यांना छप्पर मिळाले, ही जमेची बाजू. हा रोग फार सहज पसरणारा नाही, असे सरकारच्याच महारोग आयोगाने १८९०-९१ च्या पाहणीत सांगितले होते. तरीही १८९८ साली 'लेपर्स ॲक्ट' आला. भीक मागणाऱ्या महारोग्याला पकडून आश्रयस्थानात ठेवण्याची, त्याला सार्वजनिक विहिरीवर पाणी भरण्यास आणि खाद्यपदार्थ विकण्यास मनाई करण्याची तरतूद त्यात होती. गावाने जे आधीच केले होते, त्यावर सरकारी शिक्का बसला. आमच्या आत्तीचा वेगळा तांब्या मला त्या विहिरीच्या कलमाची आठवण करून देतो. हा कायदा देशाच्या पुस्तकातून २०१६ साली गेला. महारोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून २०१९ सालापर्यंत कायद्यात होते.

भिंतीच्या आत राहूनही माणसाला माणूस मानणारी एक परंपरा मात्र याच महाराष्ट्रात उभी राहिली. मिरजेला मिशनऱ्यांचे रिचर्डसन कुष्ठरोग रुग्णालय होते आणि आहे. वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ साली मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम सुरू केले. सेवाग्राममध्ये परचुरे शास्त्री नावाचे संस्कृत पंडित रक्तपिती घेऊन आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आश्रमात ठेवून घेतले आणि स्वतःच्या हातांनी त्यांचे अंग चोळले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली तपोवन उभारले. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये घेऊन आनंदवन सुरू केले. आपल्या कोल्हापुरात शेंडा पार्कला कुष्ठरोग्यांचे रुग्णालय आणि वसाहत होती. माझ्या लहानपणी त्या बाजूने जाताना मोठी माणसे बोलणे थांबवीत आणि आम्ही पोरे श्वास रोखून धरत असू. आज त्याच परिसरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे विद्यार्थी ये-जा करतात. श्वास कुणी रोखत नाही.

हा बदल घडवला तो औषधाने. १९४० च्या दशकात डॅप्सोनच्या गोळ्या आल्या आणि पहिल्यांदा महारोग खरोखर आटोक्यात येऊ लागला. पुढे जंतू त्या एकट्या औषधाला दाद देईनासे झाले, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली एकाच वेळी अनेक औषधे देण्याची पद्धत सुचवली. वर्धा हा ती सुरुवातीला राबवलेल्या जिल्ह्यांपैकी एक. सहा महिने किंवा बारा महिने गोळ्या, त्याही सरकारी दवाखान्यात मोफत. पहिल्या काही डोसांतच रुग्णापासून दुसऱ्याला असलेला धोका जवळजवळ संपतो. डिसेंबर २००५ मध्ये देशातले प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले आणि दूरीकरण झाल्याचे जाहीर झाले.

पण दूरीकरण म्हणजे नायनाट नव्हे. जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या कुष्ठरुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. यातली खरी अडचण औषधाची नाही, ओळखण्याची आहे. आमच्या भावकीतला एक गडी, चांगला मेहनती. त्याच्या दंडावर फिकट लालसर चट्टा होता. खाजत नव्हता, दुखत नव्हता, म्हणून तो निवांत होता. एका दवाखान्यात गजकर्ण म्हणून मलम मिळाले, ते त्याने वर्षभर लावले. एके दिवशी चुलीवरचा तापलेला तवा त्याने त्याच हाताने उचलला आणि कातडी जळाल्याचा वास आला, तरी त्याला कळले नाही. तेव्हा निदान झाले. रोग गोळ्यांनी पूर्ण बरा झाला. वाकलेली दोन बोटे मात्र सरळ झाली नाहीत. आत्तीला नसलेल्या रोगाची शिक्षा मिळाली आणि याला असलेला रोग कुणी ओळखला नाही. दोन्ही चुका एकाच अज्ञानाच्या.

म्हणून मंडळी, हे चट्टे एकमेकांपासून कसे वेगळे असतात ते थोडक्यात सांगतो. कोडाचा डाग दुधासारखा किंवा खडूसारखा पांढरा असतो. त्यावरचे केसही कधी पांढरे होतात. पण तिथे टाचणी टोचली तर टोचते, गरम लागले तर कळते. शरीराचीच संरक्षक यंत्रणा त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, म्हणून तो होतो. तो स्पर्शाने पसरत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा पांढराशुभ्र नसतो. फिकट किंवा तांबूस असतो, बहुधा खाजत नाही, तिथे घाम येत नाही आणि मुख्य म्हणजे तिथली संवेदना गेलेली असते. गजकर्णाची कडा उंच आणि लाल, मधला भाग निवळलेला, आणि खाज अशी की माणूस चारचौघांत अवघडतो. पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात दिवसभर उभे राहिल्यावर बोटांच्या बेचक्यांत होणाऱ्या चिखल्या याच बुरशीच्या नात्यातल्या. शिबे घामाच्या दिवसांत मान, छाती, पाठीवर येतात. नखाने खरवडले की बारीक कोंडा निघतो. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात आणि मनगटावर बारीक पुटकुळ्या येतात, आणि घरातल्या एकाला झाली की सगळ्यांनी एकदम औषध लावल्याशिवाय ती जात नाही. लहान मुलांच्या गालावरचे फिकट डाग पाहून आपण जंताचे औषध देतो. पुष्कळदा ती नुसती कोरडी त्वचा असते. हे सगळे निदान घरी करायचे नाही. ते डॉक्टरांचे काम. आपण करायचे ते एकच : चट्टा लपवायचा नाही आणि तिथे स्पर्श कळतो की नाही ते पाहायचे.

त्वचेचा इतिहास तिथेच थांबलेला नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यास पुण्यात एक परदेशी तण दिसू लागले. ते परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर आले, असे सांगतात. त्याला लोक गाजर गवत म्हणू लागले, कुणी काँग्रेस गवत. काही वर्षांतच ते काढणाऱ्या शेतकऱ्यांचे चेहरे, माना, कोपरे सुजून खाजू लागले. आजोबांच्या काळी नसलेला रोग नातवाच्या काळी बांधाबांधावर उभा राहिला. गजकर्णाचेही तेच. पूर्वी महिन्याभरात बरा होणारा नायटा आता वर्षवर्ष हटत नाही. चिठ्ठीशिवाय घेतलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमे हे त्याचे एक मोठे कारण आहे. त्यांनी खाज लगेच थांबते आणि बुरशी आतल्या आत फोफावते. अशा मलमांवर २०१८ साली सरकारने निर्बंध आणले, तरी सवय जायला वेळ लागतो.

कोडाबाबत मात्र थोडे बरे दिवस आले आहेत. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी श्वेता असोसिएशन सुरू केली. कोड असलेली माणसे तिथे एकत्र येतात, त्यांचे वधूवर मेळावेही झाले. २००६ साली सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट आला, त्यातली नायिका कोड असलेली डॉक्टर आहे. तो मी पाहिला तेव्हा आत्ती हयात नव्हती.

तिचा तांब्या अजून आमच्या घरी आहे. मागच्या दिवाळीत सुनेने तो चिंचेने घासून लख्ख केला आणि पाहुण्यांना पाणी द्यायला बाहेर आणला. तिला त्याची गोष्ट ठाऊक नव्हती. मी काही बोललो नाही. पाहुणे पाणी प्याले. मग मीही त्याच तांब्यातून प्यालो.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)